चून कशाचं

मी जन्माची भित्री. कुत्र्यांना भ्यायची, एस.टी. चुकेल म्हणून भ्यायची, वर्गात मागच्या बाकावर कुणी हसलं की आपलंच काहीतरी चुकलं असं धरून चालायची. अशा बाईनं गावोगाव हिंडून अनोळखी म्हाताऱ्यांना 'काल काय काय खाल्लंत' असं विचारायचं काम अंगावर घ्यावं, याचं घरच्यांनाच नवल वाटे. वडील आर्वीला कचेरीत होते. ते म्हणायचे, "दारावर भाजीवाली आली तर ही आत पळते, आणि म्हणे सर्वेक्षण करणार." यात अतिशयोक्ती फार नव्हती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सिंदी मेघेत एका खोलीत भाड्यानं राहत होते आणि मेडिकल कॉलेजात पोषण हा विषय शिकवत होते. तेव्हा पोषण म्हटलं की लहान मूल आणि गरोदर बाई, एवढंच लोकांच्या डोळ्यांपुढे यायचं. माझा प्रबंध होता साठीच्या पुढच्या माणसांवर. खेड्यातली म्हातारी माणसं खातात काय आणि त्यावर ती किती धड राहतात, चालतात, कामं करतात, हे मला पाहायचं होतं. विभागात माझी थट्टा व्हायची. "म्हाताऱ्यांची वजनं घेऊन काय करणार तुम्ही? ती काय आता वाढणार आहेत?" मी हसण्यावारी न्यायची. माझे मार्गदर्शक सर मात्र कधी हसले नाहीत. ते कशालाच हसत नसत, म्हणून मी त्यांना सगळ्यांत जास्त भ्यायची.

कामाची रीत अशी होती. सायक्लोस्टाइल केलेला फुलस्केप तक्ता, त्यात धान्यांची आणि डाळींची यादी, आणि प्रत्येकापुढे एक आकडा. समोरचा माणूस सांगेल तसतसे आपण आकडे भरायचे. ज्वारीचा एक, गव्हाचा दोन, असं करत हरभऱ्याच्या पिठाचा अकरा. समुद्रपूर तालुक्यातल्या गावांत मी हिंडले तेव्हा ज्याला त्याला विचारावं तर उत्तर एकच, "चून-भाकर." भाकरीला एक आणि चुनाला अकरा. चून म्हणजे डाळीचं पीठ फोडणीच्या पाण्यात शिजवून केलेलं कालवण. पुण्याकडे पिठलं म्हणतात ते. आमच्या आर्वीच्या घरी ते हरभऱ्याच्याच पिठाचं व्हायचं. ते दुसऱ्या कशाचं असू शकतं, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही. मी डोळे झाकून अकरा लिहीत गेले.

ज्या गावाबद्दल सांगते आहे ते फाट्यापासून तासभर चालत. दोन्ही बाजूंनी कापसाची पऱ्हाटी, मधून बैलबंडीची वाट. गावात शिरताच तिसरं घर एका विधवा बाईचं होतं. तिला मी मावशी म्हणायची. वय साठ-बासष्ट, अंगानं काटकुळी, बोलायला मोकळी. घरात ती आणि तिचा तिशीतला मुलगा. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. माझ्या यादीत नाव होतं ते मावशीचं, कारण ती साठीच्या वर होती. मुलाशी माझा कामापुरताही संबंध नव्हता. तो शेतातून आला की ओसरीच्या कडेला बसून आमचं बोलणं ऐकायचा आणि मधेच आईला दुरुस्त करायचा, "माय, काल आंबाडीची भाजी होती, ते सांगतलं नाई तू."

मावशीनं मला कधी उपाशी परतू दिलं नाही. "बाई, जेवल्याबिगर जाजो नोको," म्हणायची आणि ताट पुढे सरकवायची. मीही आढेवेढे घेत नसे. सकाळी सातला निघालेली असायची, आणि तिच्या हाताला चव होती.

पोळा झाल्यावर त्या गावात मी एक भाषण केलं. सरांनीच सांगितलं होतं की नुसते प्रश्न विचारून परत येऊ नका, लोकांना काहीतरी देऊनही या. देवळासमोरच्या ओट्यावर म्हातारी माणसं बसली होती. मी भिंतीला तक्ते लावले आणि पहिली पाच मिनिटं माझा आवाज इतका कापत होता की एका आजोबांनी मला पाणी आणून दिलं. मग जरा धीर आला. म्हातारपणी अंगातली ताकद का जाते, डाळ का खाल्ली पाहिजे, हे सोपं करून सांगितलं. ज्वारीच्या पिठात डाळीचं पीठ मिसळून भाकरी करा, रोज चून खा, दोन्ही वेळा खाल्लंत तर फारच चांगलं. लोक माना डोलवत होते. मला ते आवडलं, खोटं का बोलू. इतक्या माणसांनी माझं ऐकायची ती पहिलीच वेळ होती.

मावशी पुढेच बसली होती. तिनं विचारलं, "कोणतीबी डाळ चालते काय, बाई?"

मी म्हणाले, "कोणतीही चालेल, मावशी."

दिवाळी झाल्यावर मी पुन्हा गेले. वेचणीचे दिवस होते. मुलगा कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन आला आणि दारात उंबऱ्याला अडखळला. गाठोडं पडलं, तो मात्र चौकट धरून सावरला. मावशी म्हणाली, "हे दुसरी बार झालं आज." तो ओशाळून हसला आणि पोटऱ्या चोळत खाली बसला. "पाय जड पडून राह्यले, बाई. सकाळी उठलो का पोटऱ्या अखडते."

मी त्याच्याकडे एकदा पाहिलं असेन. हातात तक्ता होता आणि साडेतीनची गाडी गाठायची होती. "दिवसभर वाकून वेचणी, मग पाय दुखणारच," मी म्हणाले. "जेवण कमी पडत असेल. नीट खात जा."

"खाते न," मावशी म्हणाली. "तुमी सांगतलं तसंच चालू हाय. भाकरीतबी पीठ टाकतो, दोन टाइम चूनबी देतो."

मला बरं वाटलं. सांगितलेलं कुणीतरी करतंय म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? मावशीच्या तक्त्यात मी दोन वेळचे अकरा लिहिले आणि निघाले.

मग संक्रांतीच्या सुमाराला तो दिवस आला. मावशीनं खाटेवर जुनं लुगडं अंथरून डाळ उन्हात घातली होती. भरडलेली पिवळी डाळ, लांबून तुरीची वाटावी अशी. मी शेजारी बसून तक्त्यावर तारीख घालत होते आणि उगाच चाळा म्हणून डाळीतून बोटं फिरवत होते. एक अख्खा दाणा हाताला लागला. भरडताना सुटलेला असेल. मातकट रंगाचा, तीन बाजूंनी चपटा, छोट्या कुऱ्हाडीच्या पात्यासारखा.

तो दाणा मला ओळखीचा होता. आमच्या विभागात कपाटावर काचेच्या बरण्या होत्या, त्यांतल्या एकीत असेच दाणे होते. दरवर्षी मी ती बरणी वर्गात फिरवायची.

"मावशी, ही कोणती डाळ?"

"लाखोळी," ती सहज म्हणाली. "माहेरची हाय. धानाच्या मुलखात आहे न माहं माहेर. भाऊ आखाजीच्या सणाले पोतं आणून देते, दरसाल."

"मग चून कशाचं करता तुम्ही?"

"याचंच. कायचं करू मंग?" तिला माझ्या प्रश्नाची गंमत वाटली. "घरची डाळ असून चना काऊन इकत आणू?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लाखोळीची डाळ इतर चार धान्यांबरोबर अधूनमधून पोटात गेली तर बहुधा काही होत नाही. पण तीच दोन्ही वेळा, भाकरीतही आणि कालवणातही, महिनोन्महिने खाल्ली तर पायांना लागते. पाय ताठतात, पोटऱ्या आखडतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो. मग एक काठी लागते, मग दोन, आणि शेवटी बसून सरकावं लागतं. गेलेलं परत येत नाही. त्या डाळीच्या विक्रीवर बंदी होती, पण भावानं बहिणीला दिलेल्या पोत्याला कोण अडवणार? हे सगळं मला तोंडपाठ होतं. फळ्यावर मी चार माणसं काढायची, बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि बसलेला. मुलं वहीत उतरवून घ्यायची. तोवर असा जिवंत माणूस मी कधी पाहिला नव्हता. म्हणजे पाहिला होता, उंबऱ्यात अडखळताना, आणि त्याला सांगितलं होतं की नीट खात जा.

आता लिहायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी मावशीला काहीही बोलले नाही. "गाडी चुकेल," एवढं म्हणाले आणि उठले. मावशी मागून म्हणत होती, "अवो बाई, जेवून तं जा." मी वळून पाहिलं नाही.

फाट्यापर्यंतच्या वाटेवर मी माझ्याच पायांकडे पाहत चालले. टाच टेकते आहे का, चवडा आधी पडतो का. त्या घरी मी सात-आठ वेळा जेवले होते. सात-आठ जेवणांनी काही होत नाही, हे मी स्वतः शिकवत होते, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या खोलीतल्या फरशीवर टाचांवर चालून पाहिलं. भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. शेजारच्या वहिनी दूध द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. "काय हो, पायाला काही लागलं का?" मी म्हटलं, व्यायाम.

स्वतःच्या पायांची भीती खरी होती, पण सोपी होती. ती मी मुद्दाम कुरवाळत बसले असं आता वाटतं, कारण तिच्यामागे दुसरी उभी होती आणि तिच्याकडे बघायची माझी छाती नव्हती. कोणतीही चालेल, मावशी. हे मी म्हणाले होते. चारचौघांत, देवळासमोर, विचारल्यावर.

दोन दिवस मी कॉलेजात गेले, शिकवलं, डबा न खाता परत आणला. डोक्यात हिशेब चालायचे, आणि ते फार घाणेरडे होते. मुलाचं नाव माझ्या कुठल्याही कागदावर नव्हतं. त्याचं वय तीस, माझा अभ्यास साठीच्या पुढचा. भाषणाची कुठे नोंद नव्हती. प्रबंध द्यायला सहा महिने राहिले होते. मी त्या गावाला पुन्हा गेलेच नाही तर कुणाला काय कळणार होतं? आणि मी हा हिशेब करत होते तेव्हा तो माणूस सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तेच जेवत होता. ते आठवलं की मी खुर्चीवरून उठायची आणि पुन्हा बसायची.

तिसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी बसा म्हणायच्या आतच मी सगळं ओकून टाकलं, उलटसुलट, आधी दाणा, मग भाषण, मग उंबरा. सर ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी टेबलावरचा माझा एक तक्ता ओढला आणि अकराच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे चून कशाचं?"

मला सांगता आलं नाही. त्यांनी दुसरा तक्ता उलटला. "हे?" तेही मला माहीत नव्हतं. दीड वर्षाचं काम होतं आणि मावशीचं सोडून एकाही घरचं चून कशाचं हे मी विचारलं नव्हतं. सर रागावतील म्हणून मी खांदे आवळून उभी होते. ते रागावले नाहीत. "सगळीकडे पुन्हा जावं लागेल," म्हणाले. "ते नंतर. मुलाचे पाय कधीपासून जड आहेत?"

"दिवाळीपासून तरी. सर, हे माझ्यामुळे झालं का?"

ते चष्मा पुसत राहिले. "पोतं तुम्ही दिलेलं नाही," ते म्हणाले. "पण दोन्ही वेळा खा असं तुम्ही सांगितलंत." मग त्यांनी जीपसाठी निरोप पाठवला.

आम्ही पोचलो तेव्हा मुलगा घरीच होता. दोन दिवसांपासून शेतात गेला नव्हता. ओसरीवर कोपऱ्यात एक वेळूची काठी टेकवलेली दिसली. ती नवीन होती, अजून हिरवी. मी जीपला धरून उभी राहिले.

सरांनी त्याला अंगणात चालायला लावलं. तो चालला. गुडघे एकमेकांना घासत होते आणि टाचा टेकत नव्हत्या. मग खाटेवर बसवून सरांनी त्याच्या गुडघ्याखाली हातोडी मारली, तसा पाय केवढ्यानं तरी उडाला. त्यांनी त्याचं पाऊल हातात धरून वर दाबलं, तर ते पाऊल आपलंआपण थडथडायला लागलं, थांबेचना. मुलाला हसू आलं. "पाहा न माय, पाय आपल्या मनानंच नाचून राह्यला." मावशीही हसली. आम्ही दोघं हसलो नाही, आणि ते पाहून मावशीचं हसणं हळूहळू विरलं.

सरांनी त्यांना लाखोळीबद्दल नीट समजावलं, त्यांच्याच भाषेत. आजपासून दाणाही खायचा नाही. बहुतेक आहे तिथं थांबेल, वाढणार नाही. पण जे गेलं ते भरून येणार नाही. मुलानं विचारलं, "बंडी हाकता येईन न?" सर म्हणाले, येईल. "अन् वखरणी?" वखरामागे दिवसभर ढेकळांतून चालावं लागतं; सर हातोडी पिशवीत ठेवू लागले. मुलानं स्वतःच्या पोटऱ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, पोरगी झाली आहे, पुढच्या महिन्यात आणायला जायचं आहे.

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाषणाचं आईला तुम्ही सांगायचं. मी नाही." आणि ते जीपकडे निघून गेले.

मावशी आत चुलीपाशी होती. आम्हाला चहा ठेवत होती. मी दारात उभी राहिले. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला शिव्या देईल, आणि दोन्हींना मी भीत होते. ती शांतपणे म्हणाली, "पण बाई, मी तं ठीक हाय. एकाच घरचं खाल्लं आमी. मंग त्यालेच काऊन?"

हाच प्रश्न मलाही पडला होता. "मावशी, तुम्ही दोन्ही वेळा चून खात होता ना? मला तसंच सांगितलंत."

"मी कायले?" ती म्हणाली. "तुमी ताकदीचं सांगतलं न. म्हातारीले ताकद कायले लागते? तो शेतात राबते. मी आपली मिठ-मिरचीसंगं खाल्ली भाकर, साध्या पिठाची. त्याची येगळी थापत होतो. माह्या वाटचंबी त्यालेच वाढलं."

दीड वर्ष मी घरोघर हेच विचारत होते, घरात काय शिजतं, आणि म्हातारीच्या ताटात काय पडतं हे मला तरीही कळलं नव्हतं. दोन वेळचे अकरा मी तिच्या नावावर लिहिले होते. ती ते खातच नव्हती.

चहाला उकळी आली आणि ओतू गेला. तिनं तो उतरवला नाही.

"म्हंजे बाई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्याच देल्लं त्याले?"

मला अजून आठवतं, त्या क्षणी माझे पाय खरोखर ताठले होते. अजूनही निसटता आलं असतं. ती स्वतःच दोष घेत होती. मी गप्प राहिले असते तरी पुरलं असतं.

"नाही मावशी," मी म्हणाले. "तुम्ही मला विचारलं होतं, कोणतीही डाळ चालते का. घरात कोणती आहे हे न विचारताच मी हो म्हणाले. ते मी दिलं. तुम्ही नाही."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादं लहान पोर काहीतरी वेडंवाकडं बोलतं तेव्हा पाहावं तसं.

"तसं कसं होईन, बाई," ती म्हणाली. "वाढणारा हात तं माहाच होता."

मग तिनं डाव्या हातानं चहा गाळला, डाव्या हातानं कप पुढे केले. उजवा तिनं पदराखाली घेतला होता, आणि आमची जीप निघेपर्यंत तो बाहेर काढला नाही.